रिव्हॉल्व्हर बिघडले, तर कोणाच्या दारी?

व्यापारी बंधूंनो, परवान्यावर घेतलेले कानपूरच्या सरकारी कारखान्याचे .३२ रिव्हॉल्व्हर गॅरंटीच्या मुदतीतच अडकू लागले, तर मोमीनपुऱ्यातल्या ओळखीच्या मिस्त्रीकडे नेऊ नका. त्याचा हात कितीही साफ असो, १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवान्याविना शस्त्रदुरुस्ती हा गुन्हा आहे. २०१९ च्या फेरबदलानंतर किमान ७ वर्षे कैद. तुमचे दोनशे रुपये वाचतील, कारागिराचे घर बसेल.

परस्पर पार्सलही करू नये. विक्रेत्याकडे बिलासह द्यावे आणि शस्त्राचा नंबर घातलेली लेखी पोच घ्यावी. उधारीचा पैसा न् पैसा लिहिणारे आपण इथेच तोंडी बोलण्यावर विसंबतो, हे आम्हांला पटत नाही.

टोलवाटोलवी झाली, तरी कानपूरला खेटे कशाला? २०१९ च्या ग्राहक कायद्याने राहत्या जिल्ह्यात, म्हणजे नागपूरच्या आयोगातच, २ वर्षांच्या आत तक्रार करता येते. १९८६ च्या कायद्यात ही सोय नव्हती. ५ लाखांपर्यंतच्या मालाला फीही नाही.