वॉटचा आकडा आणि दुकानाची पत

आपले पुष्कळ बांधव मोटारीचे सुटे भाग, वायरिंग आणि कार ऑडिओच्या धंद्यात आहेत. कुर्ल्याच्या सी.एस.टी. रोडपासून तालुक्याच्या गावातील एका गाळ्याच्या दुकानापर्यंत एक तक्रार सर्वत्र ऐकू येते. गिऱ्हाईक महिन्याभरात परत येते आणि म्हणते, "स्पीकर उडाला, बदलून द्या." दुकानदार कंपनीला दोष देतो, कंपनी फिटरला आणि फिटर गिऱ्हाईकाला. आमच्या मते खरा दोष बहुतेक वेळा विकताना सांगितलेल्या वॉटच्या आकड्यात असतो.

डेकच्या डब्यावर "५० वॉट गुणिले ४" असे छापलेले असते. जरा हिशेब करून पाहा. इंजिन चालू असताना गाडीत सुमारे १४.४ व्होल्ट मिळतात. साध्या डेकमध्ये व्होल्टेज वाढवणारा सप्लाय नसतो. म्हणून ४ ओहमच्या स्पीकरला स्वच्छ आवाजात फार तर २६ वॉट मिळू शकतात, तेही कागदावर. प्रत्यक्षात ते २० च्या आसपास भरतात. मग ५० आले कुठून? १४.४ चा वर्ग करून ४ ने भागा, ५२ येतात. म्हणजे आवाज पार फाटला आणि लाट चौकोनी झाली, तरच तो आकडा खरा. जो आवाज कोणी ऐकणार नाही, त्याचे वॉट आपण विकतो! पी.एम.पी.ओ.चे आकडे तर त्याहून पोकळ, कारण ते मोजण्याची ठरलेली पद्धतच नाही. भरवशाचा आकडा एकच, आर.एम.एस.चा.

दुसरा गैरसमज असा की, ॲम्प्लिफायर लहान ठेवला म्हणजे स्पीकर सुरक्षित राहतो. लहान ॲम्प्लिफायर मर्यादेत वाजवला तर स्पीकरला काही होत नाही. पण गिऱ्हाईकाला आवाज कमी पडतो, तो कळ फिरवत राहतो आणि ॲम्प्लिफायर फाटू लागतो. तेव्हा ५० वॉटचा ॲम्प्लिफायर १०० वॉटच्या जवळपास शक्ती फेकू शकतो. त्यातला वरच्या पट्टीचा भाग ट्वीटरकडे जातो आणि त्याची बारीक कॉइल आधी जळते. म्हणून प्रत्येक चॅनेलचे आर.एम.एस. वॉट स्पीकरच्या आर.एम.एस. वॉटइतके किंवा थोडे जास्त असावेत, हा सरळ नियम. थोडा मोठा ॲम्प्लिफायर समजून लावला तर तो फाटत नाही.

वॉटबरोबर ओहमही पाहिले पाहिजेत. ४ ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडले की २ ओहम होतात, एकामागे एक जोडले की ८. ब्रिज केलेल्या ॲम्प्लिफायरवर २ ओहमचा भार टाकला, तर आतल्या प्रत्येक चॅनेलवर १ ओहमचा भार पडतो. बरेच ॲम्प्लिफायर ते सोसत नाहीत.

गेनची कळ म्हणजे आवाजाची कळ नव्हे. ती बसवताना स्पीकरच्या तारा काढाव्यात, बास बूस्ट आणि इक्वलायझर शून्यावर ठेवावा, डेक पाऊण आवाजावर ठेवून ४०० हर्ट्झचा सूर वाजवावा. सबवूफरसाठी ५० हर्ट्झचा घ्यावा. ॲम्प्लिफायर आणि स्पीकर यांपैकी ज्याचे वॉट कमी, त्या आकड्याला ओहमने गुणून वर्गमूळ काढावे. ५० वॉट आणि ४ ओहम असतील तर २०० चे वर्गमूळ १४.१ येते. मल्टिमीटर ए.सी.वर १४.१ व्होल्ट दाखवील, तेथे कळ थांबवावी. दहा मिनिटांचे काम आहे, पण किती दुकानांत होते?

वायर आणि फ्यूजच्या बाबतीत तर कंजुषी गुन्हाच समजावा. ७५ वॉटचे चार चॅनेल म्हणजे ३०० वॉट. क्लास ए.बी. ॲम्प्लिफायर जवळपास तितकीच शक्ती उष्णतेत घालवतो. म्हणजे पूर्ण जोरात ४० ते ४५ अँपिअर वाहतात. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली बारीक तार लावून आणि फ्यूज गाळून वाचवलेले पैसे एखाद्या दिवशी गाडीच पेटवतील. फ्यूज तारेच्या मापाचा आणि बॅटरीपासून दीड फुटाच्या आत असलाच पाहिजे.

काही दुकानदार म्हणतील, "खरा आकडा सांगितला तर गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जाईल." एखादे जाईलही. पण वॉट दुप्पट केले तरी आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो, म्हणजे कानाला थोडासाच. हे समजावून त्याला जास्त सेन्सिटिव्हिटीचा स्पीकर दिला आणि दरवाजाचा पत्रा नीट बांधून दिला, तर कमी वॉटमध्येही तो खूश होतो. असे गिऱ्हाईक चार माणसे घेऊन येते.

आज माल ऑनलाइन मिळतो. गिऱ्हाईक डबा घेऊनच दुकानात येते. डब्यावरचा नफा आटला, आता उरला तो हुन्नर. म्हणून आमचे सांगणे एवढेच: बिलावर आर.एम.एस. वॉट आणि ओहम लिहा, जुळवणीची मजुरी वेगळी आणि उघड घ्या, आणि हाताखालच्या पोराला पाना-पक्कडीबरोबर मल्टिमीटरही शिकवा. तराजूत दांडी मारणाऱ्याला बाजार ओळखतो. वॉटमध्ये दांडी मारणाराही फार दिवस लपत नाही.