हाड सांधले, माणसाचे काय?

मोडलेले हाड सांधण्याची किमया निसर्गाने माणसाच्या देहातच घालून ठेवली आहे. वैद्याने ते सरळ बसवावे, सांधेपर्यंत हलू देऊ नये आणि सांधल्यावर तो अवयव पुन्हा कामाला लावावा, एवढेच त्याच्याकडून अपेक्षित असते. हे 'एवढेच' किती अवघड होऊन बसले आहे हे ज्याला पाहावयाचे असेल, त्याने मुंबईतील एखाद्या मोठ्या सार्वजनिक रुग्णालयात जाऊन अस्थिरोग विभागाच्या बाह्यरुग्ण कक्षाबाहेर एक सकाळ काढावी. आम्ही नुकतीच तशी एक सकाळ काढली. त्या रुग्णालयाचे नाव आम्ही घेत नाही. कारण तेथे जे दिसले ते त्या एकट्या रुग्णालयाचे दूषण नव्हे.

आठ वाजण्यापूर्वीच केस पेपरच्या खिडकीसमोरील रांग जिन्यापर्यंत पोहोचली होती. बाकांवर जागा नव्हती, म्हणून पायाला पक्के प्लास्टर असलेला एक गवंडी भिंतीला टेकून जमिनीवर बसला होता. शेजारी हात गळ्यात अडकवलेला शाळकरी मुलगा, त्याच्यापलीकडे मनगट मोडलेल्या एक वृद्ध आजी आणि त्यांच्यामागे चार घरची धुणीभांडी करणारी एक बाई. या बाईंचा क्रमांक साडेअकराच्या सुमारास लागला. आत तरुण डॉक्टरांनी क्ष-किरण चित्र पाहिले, केस पेपरवर दोन ओळी लिहिल्या आणि 'ठीक आहे, पंधरा दिवसांनी या' असे सांगितले. सारे दोन मिनिटांत आटोपले. बाहेर येऊन बाईंनी दारावरच्या शिपायाला विचारले, "भाऊ, बोटं हलवायची की नाही?" शिपाई म्हणाला, "ते डॉक्टरांना विचारा." पण तोवर आत दुसरा रुग्ण गेला होता.

त्या तरुण डॉक्टरांना दोष देणे सोपे आहे, आणि अन्यायाचेही आहे. रात्रभर अपघात विभागात जागलेला निवासी डॉक्टर सकाळी पुन्हा या गर्दीसमोर बसतो. त्याने प्रत्येकाला दहा मिनिटे द्यायची ठरवली तर शेवटचा रुग्ण रात्री घरी जाईल. तरीही त्या बाईंचा प्रश्न क्षुल्लक ठरत नाही. त्याचे उत्तर प्रत्येक अस्थिशल्यविशारदाला पाठ आहे : बोटे पहिल्या दिवसापासून हलवायची, आणि खांदाही. न हलवल्यास हाड उत्तम सांधूनही हात आखडतो. क्ष-किरण चित्रात ते हाड निर्दोष दिसेल. पण त्या हाताने पिळा घालता येणार नाही, आणि ज्या हाताने पिळा घालता येत नाही त्याला या शहरात चार घरची कामे मिळत नाहीत.

अस्थिभंगाच्या उपचारात धोक्याचे तीन मुक्काम आहेत. पहिला मुक्काम प्लास्टर घातल्यानंतरच्या एक-दोन दिवसांचा. सूज वाढते, प्लास्टर आवळते. बोटे निळी वा बधिर पडली आणि वेदना असह्य झाली तर त्याच क्षणी प्लास्टर कापून मोकळे करावे लागते. रक्तपुरवठा तुटलेला स्नायू काही तासांतच मरतो आणि हात जन्माचा वाकडा होतो, हे रिखार्ड फोन फोल्कमान या जर्मन शल्यविशारदाने १८८१ मध्येच वर्णिले आहे. दुसरा मुक्काम सुमारे आठ-दहा दिवसांनी येतो. सूज उतरते, प्लास्टर सैल होते आणि बसवलेले हाड आतल्या आत सरकू शकते. तेव्हा पुन्हा चित्र काढले तर चूक बहुधा सहज सुधारते. महिन्यानंतर कळली तर शस्त्रक्रियेवाचून गत्यंतर राहत नाही. तिसरा मुक्काम प्लास्टर काढल्यानंतरचा, म्हणजे व्यायामाचा. हे तिन्ही मुक्काम शस्त्रक्रियागृहाबाहेर, रुग्णाच्या घरी आणि बाह्यरुग्ण कक्षात येतात. आमची सारी प्रतिष्ठा आणि सारा पैसा मात्र शस्त्रक्रियागृहाच्या दारात थांबतो.

हे ज्ञान आम्हांला परक्याकडून उसने घ्यावयाचे नव्हते. सुश्रुतसंहितेत भग्नचिकित्सेवर स्वतंत्र अध्याय आहे. बंध सैल राहिला तर सांधा स्थिर होत नाही आणि फार आवळला तर सूज, वेदना व पाक होतो, असे तेथे स्पष्ट सांगितले आहे. थंड ऋतूत सात दिवसांनी, समशीतोष्ण ऋतूत पाच दिवसांनी आणि उन्हाळ्यात तीन दिवसांनी बंध सोडून पुन्हा बांधावा, असा दंडकही आहे. आजच्या भाषेत बोलायचे तर रुग्णाने पुन्हा केव्हा यावे याचे हे वेळापत्रकच! सुश्रुताचा अभिमान व्यासपीठावरून मिरवणाऱ्यांनी त्याचा हा साधा दंडक आपल्या रुग्णालयात कितपत पाळला जातो, याचीही कधी चौकशी करावी.

पश्चिमेकडे ही जाणीव संघटित रूपाने आली ती विसाव्या शतकात. लोरेन्झ ब्योलर यांच्या प्रयत्नाने १९२५ मध्ये व्हिएन्ना येथे कामगारांच्या अपघात विमासंस्थेचे रुग्णालय उघडले. विमासंस्थेचा हिशेब रोकडा होता : कामगाराला जन्मभर अपंगत्वाचे वेतन देत बसण्यापेक्षा त्याचा हात पहिल्या दिवसापासून नीट सांभाळणे स्वस्त पडते. पुढे १९३५ मध्ये ब्रिटिश वैद्यक संघटनेच्या समितीने अस्थिभंगाच्या रुग्णांसाठी स्वतंत्र व्यवस्था असावी, ती एका जबाबदार व्यक्तीच्या देखरेखीखाली चालावी आणि रुग्ण कामावर परतेपर्यंत उपचारात खंड पडू नये, असा आग्रह धरला. यातला 'एक जबाबदार व्यक्ती' हा शब्दप्रयोग आम्हांला सर्वांत मोलाचा वाटतो. आमच्याकडे रुग्ण दर खेपेस नव्या डॉक्टरपुढे उभा राहतो आणि आपली कथा नव्याने सांगतो. केस पेपर जुनाच असतो. त्याला ओळखणारे मात्र कोणी नसते.

गर्दीचे काय, असे कोणी विचारील. गर्दी आहे, म्हणूनच व्यवस्था हवी. ग्लासगोच्या रॉयल इन्फर्मरीने २०११ मध्ये एक साधा विचार केला. अपघात विभागात पाहिलेल्या रुग्णांचे कागद आणि चित्रे ज्येष्ठ डॉक्टरांनी पाहावीत. किरकोळ व स्थिर अस्थिभंग असेल तर प्रशिक्षित परिचारिकेने दूरध्वनीवरून सल्ला द्यावा, त्यासाठी त्याला रुग्णालयात खेप घालायला लावू नये. त्यामुळे ज्याला खरोखर पाहावयास हवे त्याला वेळ मिळाला. ग्लासगोची नक्कल येथे जशीच्या तशी उतरणार नाही, हे आम्ही जाणतो. परंतु आज मुंबईच्या चाळीत आणि झोपडपट्टीतही घरटी मोबाइल आहे. प्लास्टर घातल्याच्या दुसऱ्या दिवशी एका परिचारिकेने 'बोटे हलतात का? रंग कसा आहे? दुखणे वाढते आहे का?' असे तीन प्रश्न विचारण्यास कोणते परदेशी यंत्र लागते?

आमच्या मागण्या म्हणूनच माफक आहेत. प्लास्टर घातलेल्या प्रत्येक रुग्णाच्या हाती मराठी व हिंदीत मोठ्या अक्षरांत छापलेला एक कागद पडावा : काय हलवायचे, काय भिजू द्यायचे नाही आणि कोणते चिन्ह दिसताच रात्री-अपरात्री परत यायचे. ज्याला वाचता येत नाही त्याला तो वाचून दाखवणारी एक परिचारिका कक्षाबाहेर बसावी. व्यायाम शिकवणारा तज्ज्ञ त्याच दालनात असावा, म्हणजे त्यासाठी दुसरी रांग आणि दुसऱ्या दिवसाची बुडालेली मजुरी नको. सर्वांना सकाळी आठला बोलावून दुपारपर्यंत ताटकळत ठेवण्याऐवजी तासातासाने बोलवावे. आणि वृद्ध स्त्री मनगट मोडून आली तर तिच्या हाडांच्या ठिसूळपणाची तपासणी झाल्यावाचून तिला निरोप देऊ नये. आज मनगट मोडले आहे. उद्या खुबा मोडला तर अनेक वृद्ध त्या अंथरुणावरून पुन्हा उठत नाहीत.

सुशिक्षित लोक हाडवैद्याकडे जाणाऱ्यांना हसतात. त्याच्या आवळलेल्या बांबूच्या कामट्यांनी हात गमावल्याची उदाहरणे डॉक्टर मंडळी सांगतात, आणि ती खोटी नाहीत. परंतु लोक त्याच्याकडे का जातात, याचा विचार आम्ही करत नाही. तो रुग्णाला समोर बसवतो, दुखऱ्या जागेवर हात ठेवतो, काय खावे काय टाळावे ते सांगतो आणि अमुक वारी ये म्हणून बजावतो. त्याचे शास्त्र कच्चे आहे. पण आस्था पक्की आहे. आमच्या रुग्णालयात शास्त्र पक्के आहे. त्याला आस्थेची जोड मिळाली तर हाडवैद्याचा धंदा कायद्यावाचून बसेल.

आमचे बरेचसे वाचक या रांगेत उभे राहत नाहीत. त्यांच्यासाठी खाजगी दवाखाने आहेत. परंतु त्यांच्या घरची भांडी घासणारा हात, त्यांच्या इमारतीच्या परातींवर चढणारा पाय याच रांगेत उभा असतो. आणि ते ज्या महानगरपालिकेला कर देतात, जिच्यासाठी मत देतात, तिचीच ही रुग्णालये आहेत. अंदाजपत्रकात नव्या इमारतीची आणि नव्या यंत्राची कोनशिला बसवता येते. छापील कागदाची आणि परिचारिकेच्या दोन शब्दांची बसवता येत नाही. म्हणूनच त्यांची मागणी लोकप्रतिनिधींकडून आपोआप होणार नाही. ती नागरिकांनीच करावयास हवी.

त्या बाई पंधरा दिवसांनी पुन्हा येतील. मधल्या काळात त्यांनी बोटे हलवली असतील की भीतीने जपून ठेवली असतील, ते त्या दिवशी कळेल. त्यांच्या प्रश्नाचे उत्तर अर्ध्या मिनिटाचे होते. ते अर्धे मिनिट ज्या व्यवस्थेला सापडत नाही, तिने आपण हाड सांधले असे खुशाल म्हणावे. माणूस सांधला असे म्हणू नये.