विश्लेषण : सतत जायबंदी होणाऱ्या नेयमारवर चाहत्यांचे प्रेम अजूनही का टिकून आहे?

ब्राझीलचा आघाडीपटू नेयमारने डिसेंबर २०२५ मध्ये दुखावलेल्या गुडघ्यासह खेळत युव्हेंतुदविरुद्ध तीन गोल केले. त्यामुळे सँटोस या त्याच्या जुन्या क्लबला पदावनती टाळण्यासाठी मोठा आधार मिळाला. मात्र, याच हंगामात तो अनेकदा जायबंदी झाला, मैदानावरच रडला आणि चाहत्यांच्या रोषालाही सामोरा गेला. उमेदीची वर्षे सरलेल्या आणि शरीर साथ देत नसलेल्या खेळाडूला चाहते का सोडत नाहीत? या निष्ठेची किंमत कोण मोजते?

नेयमारच्या दुखापतींचा इतिहास काय?

२०१४ च्या विश्वचषकात कोलंबियाविरुद्ध पाठीत गुडघा बसल्याने नेयमारच्या मणक्याला फ्रॅक्चर झाले. त्याच्याविना उपांत्य सामना खेळलेल्या ब्राझीलला जर्मनीने ७-१ असे चिरडले. २०१७ मध्ये पॅरिस सेंट-जर्मेनने त्याच्यासाठी २२ कोटी २० लाख युरो मोजले. फुटबॉलमधील हस्तांतराचा हा विक्रम ठरला. मात्र २०१८ आणि २०१९ अशा सलग दोन वर्षी उजव्या पायाच्या हाडाने दगा दिला. २०१९ च्या कोपा अमेरिकाला घोट्याच्या दुखापतीमुळे तो मुकला आणि ती स्पर्धा ब्राझीलने त्याच्याविना जिंकली. २०२२ च्या विश्वचषकात पहिल्याच सामन्यात पुन्हा घोटा दुखावला.

सर्वात मोठा आघात १७ ऑक्टोबर २०२३ रोजी झाला. उरुग्वेविरुद्ध खेळताना डाव्या गुडघ्याचा अस्थिबंध फाटला. त्याच्या दोनच महिने आधी तो सौदी अरेबियाच्या अल हिलालमध्ये दाखल झाला होता. या क्लबकडून तो जेमतेम सात सामने खेळू शकला.

या दुखापतीचा महाराष्ट्राशी काय संबंध?

त्या हंगामात आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये अल हिलाल आणि मुंबई सिटी एकाच गटात होते. त्यामुळे नेयमार महाराष्ट्रात खेळणार, या कल्पनेनेच फुटबॉलप्रेमी हरखून गेले होते. ६ नोव्हेंबर २०२३ रोजी नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर सामना झाला. अल हिलालने तो २-० असा जिंकला, पण नेयमार आला नाही. तीन आठवड्यांपूर्वीच त्याचा गुडघा निकामी झाला होता. ज्याची वाट पाहावी आणि जो ऐन वेळी नसावा, असा नेयमार ब्राझीलच्या चाहत्यांनी वर्षानुवर्षे अनुभवला आहे. तो अनुभव इथल्या चाहत्यांच्याही वाट्याला आला.

सँटोसच्या चाहत्यांनी त्याला का स्वीकारले?

सँटोस हा पेले यांचा क्लब. नेयमार इथेच घडला. २०११ मध्ये त्याने सँटोसला कोपा लिबर्टाडोरेस जिंकून दिली. पेले यांच्या काळातील १९६३ च्या जेतेपदानंतर क्लबने ही स्पर्धा प्रथमच जिंकली होती. पुढे पेले यांच्या निधनाला वर्ष पूर्ण होण्याआधीच, डिसेंबर २०२३ मध्ये, सँटोसची इतिहासात पहिल्यांदा दुसऱ्या श्रेणीत घसरण झाली. एका वर्षात क्लब वर आला आणि जानेवारी २०२५ मध्ये नेयमार परतला. भर पावसात चाहत्यांनी त्याचे स्वागत केले.

हे स्वागत ३३ व्या वर्षाकडे झुकलेल्या, वर्षभरात जेमतेम खेळलेल्या खेळाडूचे नव्हते. २०११ च्या आठवणीचे होते. क्लब आणि खेळाडू दोघेही पडले होते आणि दोघांनाही पुन्हा उभे राहायचे होते. चाहत्यांना त्याच्या पायांतली जादू परत येईल अशी आशा होती, पण त्याहीपेक्षा आपल्या घरचा मुलगा घरी आला, याचे समाधान मोठे होते.

मग ही निष्ठा आंधळी म्हणायची का?

तसे नाही. एप्रिल २०२५ मध्ये मांडीच्या दुखापतीमुळे तो रडतच मैदानाबाहेर गेला, तेव्हा सहानुभूती मिळाली. जुलैमध्ये पराभवानंतर स्टँडमधील एका चाहत्याशी त्याची बाचाबाची झाली. ऑगस्टमध्ये वास्को द गामाने सँटोसला ६-० असे लोळवले, तेव्हा नेयमारला अश्रू आवरले नाहीत. नोव्हेंबरमध्ये फ्लामेंगोविरुद्ध बदली केल्यावर त्याने दाखवलेली नाराजीही अनेकांना खटकली. दुखापत चाहते माफ करतात, बेफिकिरी मात्र सहज माफ करत नाहीत. नेयमारच्या पार्ट्या आणि मैदानावरील लोळण यांची जितकी चेष्टा झाली, तितकी त्याच्या मोडलेल्या हाडांची कधी झाली नाही.

म्हणूनच डिसेंबरचे तीन गोल महत्त्वाचे ठरले. गुडघ्यातील कूर्चेला इजा असताना तो खेळला. अखेरच्या दिवशी सँटोसने क्रुझेरोला ३-० असे हरवून पहिल्या श्रेणीतील स्थान राखले. त्यानंतर त्याच महिन्यात नेयमारच्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली.

इतर खेळाडूंबाबत काय दिसते?

जर्मनीच्या मार्को रॉइसचे उदाहरण बोलके आहे. २०१४ च्या विश्वचषकाच्या तोंडावर सराव सामन्यात घोटा दुखावला आणि जर्मनीच्या जगज्जेतेपदात तो नव्हता. तरी बोरुसिया डॉर्टमंडच्या चाहत्यांनी १२ वर्षे त्याला डोक्यावर घेतले. मे २०२४ मध्ये घरच्या मैदानावरील अखेरच्या लीग सामन्यात त्याने फ्री-किकवर गोल केला आणि स्टेडियममधील प्रेक्षकांना बिअर पाजली. मोठ्या क्लबांत जाण्याची संधी असूनही तो थांबला, ही जाणीव त्यामागे होती.

ब्राझीलमध्ये आशेला आणखी एक आधार आहे, तो म्हणजे रोनाल्डो. १९९९ आणि २००० मध्ये गुडघ्याच्या गंभीर दुखापतींनंतर त्याची कारकीर्द संपली असे मानले गेले. २००२ च्या विश्वचषकात त्यानेच आठ गोल करून ब्राझीलला जगज्जेते केले. एकदा असे घडलेले पाहिल्यावर प्रत्येक जायबंदी नायकात चाहत्यांना दुसरा रोनाल्डो दिसू लागतो. मात्र त्या विश्वचषकात रोनाल्डो २५ वर्षांचा होता. नेयमारच्या बाबतीत हा फरक सोयीस्करपणे विसरला जातो.

या निष्ठेची किंमत कोण मोजते?

पहिली किंमत खेळाडूचे शरीर मोजते. दुखऱ्या गुडघ्यासह खेळणाऱ्याला शूर ठरवले की विश्रांती घेणारा आपोआप भित्रा ठरतो. दुसरी किंमत तरुण खेळाडू मोजतात, कारण नावाजलेल्या खेळाडूला वगळण्याचे धाडस प्रशिक्षकाला सहज होत नाही. कार्लो अँचेलोटी यांनी ते दाखवले. मे २०२५ मध्ये ब्राझीलची सूत्रे स्वीकारल्यानंतर त्या वर्षात त्यांनी नेयमारला एकदाही संघात घेतले नाही. पूर्ण तंदुरुस्ती ही त्यांची अट होती. १२८ सामन्यांत ७९ गोल करून पेले यांना मागे टाकणाऱ्या खेळाडूलाही या अटीतून सूट मिळाली नाही.

चाहता मात्र प्रशिक्षक नसतो. अकरा जणांचा संघ निवडण्याची जबाबदारी त्याच्यावर नाही, त्यामुळे कृतज्ञ राहणे त्याला परवडते. अडचण होते ती चाहत्यांच्या टाळ्यांवरून क्लब संघ निवडू लागतात तेव्हा. नेयमारवर प्रेम करणाऱ्यांनी ‘आज तो खेळणार का?’ याबरोबरच ‘आज त्याने खेळावे का?’ हेही विचारले, तर ती निष्ठा त्याच्या गुडघ्यालाही मानवेल.