विरारची वेलांटी कुणी तोडली?

‘कोडिंग येत नाही? काळजी नको. ओढा, सोडा, वेबसाइट तयार!’ अशी जाहिरात करणारं कुठलंही सॉफ्टवेअर उघडा. अक्षरं एकेक करून उडत येतात तसलं चकचकीत टेम्प्लेट निवडा आणि हेडिंगमध्ये फक्त ‘विरार’ टाइप करा. वेलांटी ‘व’ला सोडून ठिपक्यांच्या एका वर्तुळावर जाऊन बसण्याची दाट शक्यता आहे.

असं का होतं? कॉम्प्युटर ‘विरार’ पाच तुकड्यांत साठवतो : व, वेलांटी, र, काना, र. वेलांटी साठवली जाते ‘व’च्या नंतर, पण दिसते आधी. ही जुळणी ब्राउझर करतो, आणि चोख करतो. टेम्प्लेट मात्र अ‍ॅनिमेशनसाठी प्रत्येक तुकडा वेगळ्या डब्यात टाकतं. एकट्या पडलेल्या वेलांटीला टेकायला म्हणून मग ते वर्तुळ येतं.

अ‍ॅनिमेशन नसलं तरी सुटका नाही. इंग्रजी हेडिंग ऐसपैस दिसावं म्हणून टेम्प्लेटमध्ये अक्षरांमधलं अंतर वाढवलेलं असतं. रोमन अक्षरं सुटीच असतात, त्यांना ते शोभतं. आपल्या ‘सुकेळी’ची शिरोरेषा मात्र तुटते. ओळीची उंची इंग्रजीच्या मापाने बेतलेली असली, की ‘अर्नाळा’तला रफार कापला जातो. फॉन्टच्या लांबलचक यादीतल्या बहुतेकांत देवनागरी नसतेच. मग प्रत्येक फोन आपल्याकडचा फॉन्ट घालून वेळ मारून नेतो. तुम्ही निवडलेला फॉन्ट ग्राहकाला दिसतच नाही.

यावर ठरलेलं उत्तर मिळतं : ‘देवनागरी अवघड लिपी आहे.’ साफ खोटं. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१च्या पहिल्या आवृत्तीपासून आहे. अक्षरं जुळवणारं हार्फबझ हे इंजिन क्रोम, फायरफॉक्स आणि अँड्रॉइडमध्ये आहे, आणि ते कुणालाही फुकट वापरता येतं. मुंबईच्या ‘एक टाइप’ने केलेले मुक्ता, बालू हे फॉन्टही मोफत आहेत. सगळी अवघड कामं दुसऱ्यांनी आधीच करून ठेवली आहेत. उरलं होतं फक्त मराठीत एकदा टाइप करून बघणं. तेवढंही झालेलं नाही.

दुसरं उत्तर : ‘सेटिंगमध्ये जाऊन बदलता येतं की!’ येतं. पण सेटिंगमध्ये शिरावं लागू नये म्हणूनच तर लोक हे सॉफ्टवेअर घेतात. इंग्रजीवाल्याला आयतं ताट आणि मराठीवाल्याला चूल पेटवण्यापासून सुरुवात. पैसे मात्र दोघांकडून सारखेच!

याची किंमत कोण मोजतं? वसईत घरून मसाले विकणारी बाई दोनदा प्रयत्न करते आणि मराठी मजकुराचा फोटो करून चिकटवते. तो मजकूर सर्चमध्ये धड सापडत नाही, कॉपी होत नाही, अंध माणसाचा फोन तो वाचून दाखवू शकत नाही. नाहीतर ती सरळ इंग्रजी लिहिते. मग आपणच पुन्हा गळा काढतो की मराठी माणसाला इंटरनेटवर मराठी नकोच असते.

१८८२मध्ये भगवानलाल इंद्रजींना सोपाऱ्यात अशोकाच्या शिलालेखाचा तुकडा सापडला. तो ब्राह्मीत आहे. देवनागरी त्याच ब्राह्मीची वंशज. त्या दगडावरही स्वराची खूण व्यंजनाला चिकटूनच कोरलेली आहे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या पाथरवटाला जे कळत होतं, ते आजच्या टेम्प्लेटला कळू नये?

आपल्या मागण्या साध्या आहेत. शब्द तोडायचाच असेल तर अख्ख्या अक्षरावर तोडा. ते ओळखण्याची सोय आता ब्राउझरमध्येच आहे. देवनागरीसाठी अक्षरांमधलं अंतर शून्य ठेवा. ज्या फॉन्टमध्ये देवनागरी नाही, तो मराठी साइटला दाखवूच नका.

आणि वाचकहो, घरच्या दुकानाची साइट बिघडलेली दिसली तर इंग्रजीकडे वळू नका. स्क्रीनशॉट काढा, तक्रार करा, दुरुस्त होईपर्यंत पिच्छा पुरवा. ज्याला ‘विरार’ नीट दाखवता येत नाही, ते सॉफ्टवेअर अर्धवट आहे. अर्धवट मालाचे पूर्ण पैसे आपण का द्यायचे?