घाईचा हिशेब

रविवारी सकाळी मैदानावर जाण्याची वेळ झालेली असते. रिमोटवर उडणारे छोटे विमान तयार असते. बॅटरी मात्र रिकामी असते. चार्जरवरील आकडा वाढवला की काम लवकर उरकेल, असे मुलाला वाटते. वडीलधारी मंडळी हा मुलांचा खेळ समजून त्याकडे लक्ष देत नाहीत. परंतु खाली कापडाचे दुकान आणि वर राहते घर असलेल्या कुटुंबाने या घाईचा हिशेब अवश्य समजून घ्यावा.

अशा विमानांत बहुधा लिथियम-पॉलिमर बॅटरी असते. तिचा प्रत्येक सेल पूर्ण भरला की ४.२ व्होल्टवर येतो. त्यापुढे भरणे धोक्याचे असते. आतील द्रव ज्वालाग्राही असून, सेल अतितप्त झाल्यास वायू निर्माण होतो, बॅटरी फुगते आणि पेटही घेऊ शकते.

चार्जिंगचा वेग चार्जरच्या ताकदीवर नव्हे, तर बॅटरीच्या क्षमतेवर ठरवावा. २२०० मिलिअँपिअर-तासांच्या बॅटरीसाठी ‘१ सी’ म्हणजे २.२ अँपिअर. या वेगाने रिकामी बॅटरी भरण्यास तासाहून थोडा अधिक वेळ लागतो. चूक होते ती वेष्टन वाचताना. त्यावर ठळक छापलेला ‘२५ सी’सारखा आकडा बॅटरीतून वीज घेण्याचा असतो, भरण्याचा नव्हे. भरण्याचा अधिक वेग निर्मात्याने स्वतंत्रपणे नमूद केला असेल, तरच १ सीच्या पुढे जावे.

वेग दुप्पट केल्याने वेळ निम्मा होतो, असेही नाही. सेल ४.२ व्होल्टवर पोहोचताच चार्जर प्रवाह हळूहळू कमी करतो. हा शेवटचा टप्पा आपला वेळ घेतोच. ज्याला खरोखर वेळ वाचवायचा आहे, त्याने दुसरी बॅटरी बाळगावी.

चार्जर लिथियम-पॉलिमरसाठीचाच असावा आणि त्यावर सेलची संख्या अचूक निवडावी. दोन सेलची बॅटरी तीन सेलची म्हणून लावली, तर चार्जर ८.४ ऐवजी १२.६ व्होल्टपर्यंत जाऊ पाहील. बॅलन्सची छोटी वायरही जोडावी, म्हणजे सर्व सेल समान भरतात. खेळून आणलेली गरम बॅटरी आधी थंड होऊ द्यावी. फुगलेली बॅटरी पुन्हा कधीही चार्ज करू नये.

चार्जिंग मोकळ्या फरशीवर, कोणी जागे असताना व्हावे. कापडाचे गठ्ठे, वह्या, पलंग आणि जिना यांपासून दूर. काही दिवस वापर नसल्यास बॅटरी प्रतिसेल सुमारे ३.८ व्होल्टवर ठेवावी. पूर्ण भरून ठेवल्यास ती लवकर खराब होते.

रविवारच्या खेळाची बॅटरी रविवारी सकाळी उठल्याबरोबर लावली, तर आकडा वाढवण्याची वेळच येत नाही. एवढी शिस्त मुलाला लावणे हे घरातील मोठ्यांचे काम आहे.