पाळणाघराला गल्लीत जागा हवी



गेल्या महिन्यात आपल्या मंडळाच्या कार्यालयात एकाच आठवड्यात दोन अर्ज आले. पहिला अर्ज आपल्याच समाजातील एका काकूंचा. वडोदऱ्यातील एका जुन्या सोसायटीत, स्वतःच्या दुमजली घराच्या तळमजल्यावर त्या सहा वर्षांपासून पाळणाघर चालवतात. सध्या १४ मुले आहेत. रहिवासी इमारतीचा वापर परवानगीशिवाय बदलला, अशी नोटीस त्यांना आली असून मंडळाने पाठीशी उभे राहावे अशी त्यांची विनंती आहे. दुसरा अर्ज त्याच गल्लीतील ११ रहिवाशांचा. त्यांपैकी ७ जण आपले सभासद. मंडळाने या प्रकरणात पडू नये, आणि पडलेच तर गल्लीच्या बाजूने पडावे, असे त्यांचे म्हणणे.

कार्यकारिणीत दीड तास चर्चा झाली. चहा दोनदा झाला, निर्णय मात्र एकदाही झाला नाही. शेवटी ‘संपादकीयातून विषय सर्वांपुढे मांडा’ असे ठरले, म्हणजे हात पोळायचे ते संपादकाचे पोळू द्यावेत! तेव्हा आडपडदा न ठेवता आधीच सांगतो. पाळणाघर त्याच गल्लीत राहिले पाहिजे, आणि ते रीतसर परवानगी घेऊनच राहिले पाहिजे. या दोन्ही गोष्टी एकत्र म्हणणारा माणूस सध्या दोन्ही बाजूंना नकोसा झाला आहे, याची मला कल्पना आहे.

आधी कायद्याचे पाहू. गुजरातचा नगररचना व शहरी विकास कायदा १९७६ चा. त्यात ‘विकास’ म्हणजे केवळ बांधकाम नव्हे. इमारतीच्या वापरात लक्षणीय बदल करणे हाही विकासच. म्हणून काकूंनी एक वीटसुद्धा हलवलेली नसली तरी ‘आम्ही काय बांधलं?’ हा त्यांच्या बाजूच्या लोकांचा प्रश्न कायद्यापुढे टिकत नाही. घर राहण्यासाठी मंजूर आहे. तिथे पैसे घेऊन रोज १४ मुले सांभाळली जातात. विचारणा होणारच.

आणि ती व्हावी, असेही मी म्हणतो. २४ मे २०१९ रोजी सुरतेत तक्षशिला इमारतीला आग लागून वरच्या मजल्यावरच्या क्लासमधील २२ विद्यार्थी गेले. २५ मे २०२४ रोजी राजकोटच्या गेम झोनमध्ये २७ जण होरपळून मेले, त्यांत लहान मुलेही होती. त्याच वर्षी जानेवारीत आपल्याच हरणी तलावात नाव उलटून १२ विद्यार्थी आणि २ शिक्षिका बुडाल्या. त्या संध्याकाळी या शहरात कुणाच्या घरी धड जेवण झाले असेल असे वाटत नाही. कागद तपासणाऱ्याने वेळेवर कागद तपासला असता तर, हा प्रश्न प्रत्येक वेळी नंतर विचारला गेला. मग एका आधी-तपासणीवर आपण चिडायचे का?

पण तपासणी करणे वेगळे आणि तपासून झाल्यावर जायला वाटच न ठेवणे वेगळे. राजकोटनंतर राज्यभर शाळा, क्लास, प्री-स्कूल यांवर नोटिसांचा पाऊस पडला. खासगी प्री-स्कूलच्या नोंदणीसाठी २०२३ मध्ये जे नियम आले त्यांत १५ वर्षांचा नोंदणीकृत भाडेकरार आणि शैक्षणिक वापराची बी.यू. परवानगी मागितली होती. त्याविरुद्ध प्री-स्कूल चालवणारे रस्त्यावर आले होते, हे आपण वर्तमानपत्रांतून वाचले आहे. मोठ्या संस्थेला हे जमेल. घराच्या ओसरीत मुले सांभाळणाऱ्या बाईला कसे जमावे? शिवाय पाळणाघर म्हणजे शाळा नव्हे. तिथे पाटी नाही, परीक्षा नाही. दूध आहे, झोप आहे, लंगोट बदलणे आहे. दुकानही नव्हे. काकूंनी चौकशी केली तेव्हा एका खिडकीवर त्यांना शैक्षणिक वापराचा अर्ज करायला सांगितले आणि दुसऱ्या खिडकीवर व्यापारी वापराचा. कुठली कचेरी ते लिहीत नाही. कुठलीही असती तरी हेच झाले असते.

मी बँकेत कारकून आहे, त्यामुळे या गोष्टीची एक बाजू मला काउंटरच्या आतून दिसते. काकूंना मागच्या बाजूला दुसरे दार काढायचे आहे, अग्निशामक सिलिंडर घ्यायचे आहेत, जुनी वायरिंग बदलायची आहे. खर्च दोन लाखांच्या आसपास. मुद्रा योजनेत पाच लाखांपर्यंतचे ‘किशोर’ कर्ज याच कामासाठी असते. पण कर्ज मागायला गेले की शाखा विचारते, जागेच्या वापराचा परवाना दाखवा. परवाना नाही म्हणून कर्ज नाही. कर्ज नाही म्हणून दुसरे दार नाही. आणि दुसरे दार नाही म्हणून परवाना नाही. या फेऱ्यात सगळे आपापल्या जागी बरोबर आहेत आणि मुले मात्र एकाच दाराच्या घरात झोपली आहेत.

काकूंनी आपली हिशेबाची वही मला दाखवली, आणि त्यांच्याच परवानगीने आकडे देतो. १४ मुले, सरासरी फी ३,२०० रुपये, म्हणजे महिन्याला ४४,८०० रुपये. दोन मावश्यांचा पगार १७,०००. दूध, खिचडी, फळे, वीज, साफसफाई मिळून ११,०००. उरतात १६,८००, आणि यात स्वतःच्या घराचे भाडे धरलेले नाही. ‘बंगल्यात धंदा मांडलाय’ असे म्हणणाऱ्यांनी हा धंदा एकदा पाहून घ्यावा. आता ‘मुख्य रस्त्यावर जागा घ्या’ असा सल्ला अर्जात आहे. तिथे तेवढ्या जागेच्या भाड्यातच हे १६,८०० संपतील, मग फी वाढेल, आणि वाढलेली फी देऊ न शकणारी पहिली आई असेल ती मंगळ बाजारातल्या कापडाच्या दुकानात उभी राहणारी. तिचे मूल मग कुठे जाईल? शेजारच्या बारा वर्षांच्या मुलीकडे, नाहीतर कुलूपबंद घरात. शिवाय मुख्य रस्ता म्हणजे गाळा, वर तीन मजले, खाली वाहतूक. सुरतेची आठवण ठेवून लहान मुलांना तिकडे पाठवायचे?

कुणी म्हणेल, पाळणाघर देणे हे मालकाचे काम आहे, कायदाच तसा आहे. आहे खरा. २०१७ च्या दुरुस्तीने मातृत्व रजा १२ आठवड्यांवरून २६ झाली आणि ५० किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे पाळणाघराची सोय सक्तीची झाली. नव्या सामाजिक सुरक्षा संहितेतही हीच ५० ची अट आहे. मकरपुऱ्यातल्या मोठ्या कारखान्याला ती लागू पडेल. पण रावपुऱ्यातल्या दुकानात चार माणसे, डॉक्टरांच्या दवाखान्यात तीन, सी.ए.च्या ऑफिसात सहा. माझ्या शाखेत आम्ही नऊ जण बसतो. आपल्या समाजातल्या बहुतेक मुली अशाच ठिकाणी नोकऱ्या करतात. त्यांच्यासाठी पन्नासचा आकडा कधी भरतच नाही. त्यांचे पाळणाघर ऑफिसात होणार नाही. ते गल्लीतच होईल, नाहीतर होणार नाही.

माझ्या शेजारच्या काउंटरवर बसणाऱ्या ताई रजा संपवून कामावर आल्या तेव्हा त्यांचे बाळ सात महिन्यांचे होते. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, माहेर इंदूरला. चार महिने त्यांनी रेटले. मग बिनपगारी रजा, मग अधिकारी पदाच्या परीक्षेचा फॉर्म न भरणे, आणि शेवटी एक दिवस राजीनामा. आम्ही त्यांना निरोपाला पेनसेट दिला. आता वाटते, त्यांच्या घराजवळचे एखादे पाळणाघर कुठे आहे एवढे शोधून दिले असते तर जास्त उपयोग झाला असता. माझ्या घरी हा प्रश्न आला नाही, कारण माझी आई होती. दांडिया बाजारच्या वाड्यात आजी, आत्या, शेजारच्या काकू अशी दहा माणसे होती. तो वाडा हेच पाळणाघर होते आणि त्याला कुणाची परवानगी लागत नव्हती. आज आपली मुले भायली, गोत्री, वाघोडिया रोडच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये आहेत. वाडा गेला, त्यातले काम तेवढे शिल्लक आहे.

आता गल्लीचे म्हणणे. अर्जावर पहिली सही ज्यांची आहे ते आजोबा आपल्या मंडळाचे जुने कार्यकर्ते. हृदयाची शस्त्रक्रिया झालेली, दुपारी दोन तास झोप हवी, आणि त्यांच्या खिडकीखालीच मुलांचे अंगण. मी त्यांना भेटायला गेलो. ते म्हणाले, “अरे, मला मुलांचं वैर नाही. पण सकाळी नऊला गेटसमोर आठ स्कुटरी उभ्या असतात. परवा मला रिक्षा आत आणता आली नाही.” ही तक्रार खरी आहे आणि तिची थट्टा करू नये. गोंगाटाच्या तक्रारीबद्दल मात्र मला थोडे हसू आले. नवरात्रात नऊ रात्री आणि गणपतीत दहा दिवस आपण सगळे मिळून जो आवाज करतो, ढोलताशाचा सराव तर महिनाभर आधीपासून, त्यापुढे चौदा पोरांचे रडणे किती? पण आजोबांना वर्षातून वीस दिवस सोसणे वेगळे आणि तीनशे दिवस सोसणे वेगळे, हेही मान्य केले पाहिजे.

एक कबुलीही देतो. काही वर्षांपूर्वी आमच्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर ट्यूशन क्लास निघाला तेव्हा विरोधाच्या अर्जावर माझीही सही होती. आज तोच माणूस पाळणाघराची बाजू कशी घेतो, असे कुणी विचारले तर उत्तर द्यायला हवे. त्या क्लासला दोनशे मुले शहराच्या चारही टोकांकडून येत होती. तो कुठेही चालला असता. काकूंकडची चौदापैकी अकरा मुले चालत येण्याच्या अंतरातली आहेत. वस्तीची सोय आणि वस्तीत घुसलेला व्यवसाय यांत फरक करण्यासाठीच तर झोनिंग असते. किराणा दुकान, दवाखाना, देऊळ यांना आपण गल्लीत चालवून घेतो ते याच कारणाने.

आणि हा विचार काही परदेशातून आणलेला नाही. सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेलीत सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो साऱ्या संस्थानात लागू केला. भावनगरला गिजुभाई बधेकांनी १९२० मध्ये बालमंदिर काढले, तिथे आपल्या ताराबाई मोडक येऊन मिळाल्या आणि दोघांनी १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला. पुढे ताराबाई आणि अनुताई वाघ बोर्डी-कोसबाडला गेल्या. पाड्यावरची मुले शाळेत येत नव्हती, तर त्यांनी शाळाच पाड्यावरच्या अंगणात नेली. आपल्याच विद्यापीठाच्या गृहविज्ञान शाखेची चेतन बालवाडी या शहरात कितीतरी वर्षे चालू आहे. गुजराती आणि मराठी माणसाने मिळून लहान मुलांसाठी जे काम केले, त्याचा वारसा सांगायला आपण व्यासपीठावर पुढे असतो. गल्लीत मात्र स्कुटरी मोजतो.

मंडळाने काय करावे याबद्दल माझी सूचना अशी. काकूंना ‘नोटिशीकडे दुर्लक्ष करा, आपले नगरसेवक बघून घेतील’ असे कुणीही सांगू नये. नगरसेवक आज बघतील, उद्या दुसरे येतील, आणि दंडाची रक्कम मधल्या काळात वाढत राहील. त्यांनी वापरबदलाचा अर्ज करावा. आराखडा काढून देणारे दोन आर्किटेक्ट आपल्या सभासदांतच आहेत, त्यांनी फी घेऊ नये अशी विनंती मी करणार आहे. सोसायटीने ना-हरकत पत्र द्यावे, पण अटींसह: मुले फक्त तळमजल्यावर, संख्या १५ च्या वर नाही, दुसरे दार सहा महिन्यांत, वेळ सकाळी साडेआठ ते संध्याकाळी सात, आणि आणायला-सोडायला येणाऱ्यांनी स्कुटर गल्लीच्या तोंडाशी लावून मूल चालत आणावे. घरपट्टी आणि विजेचा दर बिगर-रहिवासी लागला तर तो भरावा लागेल, त्यातून सुटका मागण्यात अर्थ नाही. मात्र लहान पाळणाघरासाठी वेगळा, कमी दर का नसावा, हे महानगरपालिकेला विचारता येईल. त्याहून महत्त्वाची मागणी म्हणजे घरगुती पाळणाघर असा वेगळा वापर-प्रकार नियमांत यावा. मुलांची संख्या ठरलेली, अग्निसुरक्षेची तपासणी वर्षातून एकदा, अर्ज एकाच खिडकीवर. नगरसेवक गणपतीत आरतीला येतात तेव्हा आपण त्यांना श्रीफळ आणि शाल देतो. यंदा शालीबरोबर हा कागदही द्यावा आणि उत्तर लेखी मागावे. मराठी मते किती, याची मोजदाद त्यांच्याकडे आपल्यापेक्षा चांगली असते.

सोसायटीची सर्वसाधारण सभा येत्या रविवारी सकाळी १० वाजता आहे. सभासद नसलेल्यांना मत नाही, पण बसता येते. मी जाणार आहे. ना-हरकत पत्राचा आणि महानगरपालिकेला द्यायच्या निवेदनाचा मसुदा टाइप करून कार्यालयात ठेवला आहे, संध्याकाळी ७ ते ८ या वेळेत वाचून सह्या कराव्यात. दुपारी १ ते ३ मुलांना अंगणात सोडायचे नाही, हे कलम आजोबांनी सांगितल्याप्रमाणे घातले आहे. काकूंनी त्याला होकार दिला आहे. तसेही ती मुलांची झोपेचीच वेळ असते, असे त्या म्हणाल्या.