‘त्याला काढलं म्हणे!’ कॅडेटवर आरोप झाला, पुढे काय?

वर्गात मस्ती केली म्हणून एखाद्याला बाहेर उभं केलं, तर मधल्या सुट्टीपर्यंत सगळे विसरतात. पण तोच मुलगा पोलिसांच्या उपक्रमात कॅडेट असेल आणि एका सोमवारपासून परेडला दिसेनासा झाला, तर? ‘त्याला काढलं म्हणे.’ यातलं ‘म्हणे’ सगळ्यात वाईट. कुणी काढलं, कशासाठी, त्याला कुणी विचारलं का, हे कुणालाच माहीत नसतं. पण पोलिसांनी काढलंय म्हणजे काहीतरी असणारच, हे मात्र अख्ख्या गल्लीला पटलेलं असतं.

‘स्टुडंट पोलीस कॅडेट’ म्हणजेच एसपीसी हा उपक्रम २०१० च्या ऑगस्टमध्ये केरळात सुरू झाला. २१ जुलै २०१८ ला तत्कालीन केंद्रीय गृहमंत्री राजनाथ सिंह यांनी गुरुग्राममध्ये त्याची देशपातळीवर सुरुवात केली. आठवी-नववीची मुलं, महिन्याला एक वर्ग, ठरलेलं पुस्तक नाही, परीक्षा नाही. महाराष्ट्रातल्या शाळांतही तो आला. कॉलेजच्या वयाची मुलं ‘पोलीस मित्र’ म्हणून गणेशोत्सवाच्या बंदोबस्तात उभी दिसतात. यातल्या बऱ्याच जणांच्या डोक्यात पुढची पोलीस भरती असते. म्हणून इथला एखादा आरोप क्रिकेटच्या टीममधून काढल्यासारखा राहत नाही. ‘आता माझ्या नावावर नोंद झाली, भरती संपली’ अशी भीती बसते. आणि ही भीती अर्धी खरी, अर्धी खोटी आहे.

उदाहरण घेऊ. समजा, शिबिरात कुणाचा तरी मोबाईल गेला. नववीतल्या एका कॅडेटचं नाव पुढे आलं, कारण तो शेवटी खोलीतून बाहेर पडला होता. त्यानं मोबाईल घेतलेला नाही. आता तीन अगदी वेगळ्या गोष्टी घडू शकतात. एक, प्रभारी शिक्षक त्याला ‘उद्यापासून येऊ नकोस’ सांगतात. दोन, शाळा शिस्तभंगाची कारवाई करते, दाखल्यापर्यंत गोष्ट जाते. तीन, रीतसर पोलीस तक्रार होते. घरच्यांना मात्र तिन्ही एकच वाटतात, ‘पोरावर केस झाली’. इथेच पहिला घोळ होतो.

पहिल्या प्रकारात कुठलाही गुन्हा नोंदला जात नाही. ऐच्छिक उपक्रमातून नाव कमी होणं म्हणजे गुन्हेगारी नोंद नव्हे. दुसरा प्रकार जास्त जपून हाताळायचा. कारण सरकारी नोकरीच्या अनेक साक्षांकन नमुन्यांत अटक, खटला, दंड यांच्याबरोबर ‘शैक्षणिक संस्थेनं तुम्हाला कधी काढून टाकलं होतं का’ असाही प्रश्न असतो. म्हणजे नाव फक्त कॅडेटच्या यादीतून कमी केलंय की शाळेनं काढलंय, हे तेव्हाच लेखी घेतलेलं बरं. चार वर्षांनी त्या शिक्षकांची बदली झालेली असेल, आणि आपण फॉर्म भरताना पेन धरून बसू.

तिसऱ्या प्रकारात अठरा वर्षांखालच्यांसाठी कायदा बराच बाजूनं आहे. फक्त तो आपल्याला कुणी सांगत नाही. बाल न्याय अधिनियम २०१५ म्हणतो की मूल निर्दोष आहे असंच गृहीत धरायचं. त्याखालच्या २०१६ च्या नियमांनुसार, घृणास्पद म्हणजे अत्यंत गंभीर वर्गातला गुन्हा नसेल आणि मोठ्या माणसांसोबत मिळून केल्याचा आरोप नसेल, तर मुलावर एफआयआर होत नाही. ठाण्याच्या दैनंदिनीत नोंद होते आणि बाल न्याय मंडळाला कळवलं जातं. कोठडीत ठेवता येत नाही. मुलाशी बोलणारा पोलीस शक्यतो साध्या कपड्यांत हवा, असंही त्यात आहे. (ज्या मुलाला आपण हौसेनं गणवेश चढवला, त्याच्याशी बोलताना साहेबांनी गणवेश उतरवायचा. यातला विचार मला आवडला.) कलम ७४ नुसार मुलाची ओळख माध्यमांत छापता येत नाही, आणि प्रकरण बंद झालं किंवा निकाली निघालं की चारित्र्य प्रमाणपत्रासाठी पोलिसांनी ती नोंद उघड करायची नाही. भरतीच्या भीतीवरचं हे सगळ्यात थेट उत्तर. अपवाद आहे, पण तो सोळा ते अठरा वयाच्या, घृणास्पद गुन्ह्यात प्रौढ म्हणून खटला चाललेल्या मुलांचा. शिबिरातल्या मोबाईलचा नव्हे.

अठरा पूर्ण झाली की हे कवच जातं. पोलीस मित्र म्हणून काम करणाऱ्या विशीतल्या मुलावर एफआयआर झाला, तर तो एफआयआरच. त्याची प्रत मिळण्याचा आरोपीला हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१६ मध्ये यूथ बार असोसिएशनच्या प्रकरणात स्पष्ट केलंय. तक्रारीत दमच नसेल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५२८ खाली उच्च न्यायालयात ती रद्द करण्याची मागणी करता येते. वेळ जातो, पैसे जातात, हे खरंच. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण पात्र असलेल्यांना मोफत वकील देतं. स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमाती यांना तर उत्पन्नाची अटही नाही. तरी आपल्याकडे पहिला फोन वकिलाला न जाता ‘ओळखीच्या पाटील साहेबां’ना जातो.

आता भरती. मैदानावर धावून, लेखी देऊन, यादीत नाव लागल्यावर साक्षांकन नमुना हातात येतो. तिथे घाबरून ‘नाही’ लिहिणारे खूप. ‘खोटीच तर केस होती, सुटलोही, कशाला सांगायचं?’ हा सगळ्यात महागात पडणारा विचार. अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार या २०१६ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांनी सांगितलं की अटक, खटला, शिक्षा, सुटका याबद्दलची माहिती खरीच हवी, काही दडवायचं नाही. तरुणपणी घोषणा दिल्यासारखं किरकोळ प्रकरण दडवलं असेल, तर नियुक्ती करणाऱ्याला ते सोडून देता येतं. पण तो निर्णय त्याचा. खरं सांगितलं म्हणजे नोकरी मिळेलच असंही नाही, पूर्वचारित्र्य तपासायचा अधिकार त्याच्याकडे राहतोच. मात्र दडवलंत तर आरोप खरा की खोटा हा मुद्दाच मागे पडतो आणि ‘हा माहिती लपवतो’ हा नवा, यावेळी खरा, आरोप उभा राहतो. त्याआधी २०११ मध्ये दिल्ली पोलिसांत हेड कॉन्स्टेबल होऊ पाहणाऱ्या संदीप कुमारला न्यायालयानं दिलासा दिला होता. त्या निकालात ‘ले मिझराब्ल’मधल्या ज्याँ व्हालज्याँचाही उल्लेख आहे. तरुणपणीच्या चुकीचा शिक्का जन्मभर मारू नये, हा त्यातला सूर. पण हा उदारपणा आपल्या वाट्याला येईलच असं धरून फॉर्म भरू नये. उलट, आपल्यावर गुन्हाच नोंदला नसेल तर न विचारलेली कहाणी लिहायचीही गरज नाही. प्रश्न शब्दशः वाचा, तेवढंच उत्तर द्या.

मग आरोप झाल्या झाल्या करायचं काय? आपली पोरं नेमकं उलटं करतात. ग्रुपवर लांबलचक मेसेज टाकतात, तक्रार करणाऱ्याला फोन लावतात, आणि रागात चॅट डिलीट करतात. त्या फोनला उद्या ‘दबाव’ म्हटलं जाईल, डिलीट केलेल्या चॅटला ‘पुरावा नष्ट केला’. त्यापेक्षा त्याच रात्री, डोकं तापलेलं असलं तरी, एका वहीत लिहून काढा: कधी, कुठे, कोण होतं, कोण काय म्हणालं. आठवड्यानं हेच आठवणार नाही. आई-बाबांना सांगा, आणि ते दुसऱ्या कुणाकडून कळायच्या आत सांगा. ‘प्रकरण मिटवायला’ माफीपत्र मागितलं, तर न केलेल्या गोष्टीची कबुली लिहून देऊ नका. हा दबाव फार गोड भाषेत येतो, ‘सही कर, विषय संपला’. विषय तिथून सुरू होतो.

मग मुख्याध्यापक आणि उपक्रमाचे प्रभारी अधिकारी यांना एक पानी अर्ज: माझ्यावर नेमका आरोप काय, तो लेखी द्या, माझं म्हणणं ऐकून घ्या, निर्णय लेखी कळवा. पोचपावती घ्या. बाजू ऐकल्याशिवाय निर्णय नको, हे तत्त्व काही मेहेरबानी नाही. मनेका गांधींचा पासपोर्ट ऐकून न घेता जप्त झाला, तेव्हा १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हेच ठासून सांगितलं. उत्तर आलंच नाही तर पोलीस आणि सरकारी शाळा दोघंही माहिती अधिकारात येतात. दहा रुपयांचा अर्ज, तीस दिवसांची मुदत. चौकशी चालू असताना काही कागद नाकारले जाऊ शकतात, म्हणून निर्णयाची प्रत आधी मागा.

या काळात झोप उडते, परेडच्या वेळी घरात बसवत नाही, मित्र हळूच कमी होतात. अशा वेळी ‘टेली-मानस’च्या १४४१६ वर फोन करता येतो, मुलांसाठी १०९८ आहे. हे लिहिताना पोपटपंची वाटू शकते, पण ‘घरच्यांची मान खाली घातली’ या एका वाक्याच्या ओझ्याखाली पोरं काय करून बसतात हे आपण पाहतोच.

एक गोष्ट मात्र स्पष्ट बोलायला हवी. ‘माझ्यावरचा आरोप खोटा आहे’ हे वाक्य खरे दोषीही म्हणतात, आणि पोलिसांच्या उपक्रमात ताकद बहुतेक वेळा मोठ्यांकडे असते. अमेरिकेत पोलिसांच्या ‘एक्सप्लोरर’ उपक्रमांत मुलामुलींवर पोलिसांनीच अत्याचार केल्याचे जवळपास दोनशे आरोप ‘द मार्शल प्रोजेक्ट’नं २०२४ मध्ये समोर आणले. त्यामुळे खोट्या तक्रारीच्या भीतीनं तक्रारच अवघड करून ठेवणं हा उपाय नाही. आपल्या कायद्यांनीही ही रेघ जपून ओढलीय. पॉक्सोखाली मुलानं केलेली तक्रार खोटी निघाली तरी त्याला शिक्षा नाही. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाच्या २०१३ च्या कायद्यात तक्रार सिद्ध झाली नाही एवढ्यावरून ती खोटी ठरत नाही. इजा करण्याच्या हेतूनं, खोटं आहे हे माहीत असूनही आरोप करणाऱ्यावर भारतीय न्याय संहितेच्या कलम २४८ खाली कारवाई होऊ शकते. पण तो हेतू सिद्ध करावा लागतो. निर्दोष ठरल्यावर लगेच उलटी केस ठोकायचा सल्ला नाक्यावर फुकट मिळतो, त्याआधी वकिलाला विचारा.

नवं शैक्षणिक वर्ष सुरू झालं की कॅडेटच्या नव्या तुकड्या उभ्या राहतात आणि पालकांसमोर कागद सहीला येतात. त्यावर गणवेशाचं माप, शिबिराच्या तारखा, वैद्यकीय माहिती असेल. तक्रार कुणाकडे करायची, आरोप झाला तर मुलाला कोण ऐकणार, किती दिवसांत, आणि निर्णय पटला नाही तर दाद कुठे मागायची, हे त्यात आहे का, ते सही करण्याआधी बघा. नसेल तर मुख्याध्यापकांना तिथल्या तिथे विचारा, बाकीच्या पालकांसमोर.